हो सर, गाभोळीच

आधी साउंडवाल्या काकांचं सांगते. बाकीचं सगळं नंतर.

ते गिरगावातल्या एका वाडीत राहतात. माझ्या नात्यातले नाहीत, गावचे नाहीत. मासे खात नाहीत, म्हणजे आमच्या किनाऱ्याशीही त्यांचा काही संबंध नाही. शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिल सेल आणि गळ्यात हेडफोन. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात शाळांसाठी माहितीपट बनवणारं एक ऑफिस आहे. तिथे मी झाडलोट आणि चहापाणी करायला लागले, त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते पँट्रीच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मुली, तुला नीट ऐकू येतं का?" मला वाटलं, काहीतरी चुकलं, आता ओरडा बसणार. त्यांनी गळ्यातले हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले आणि हातातला माइक गॅसकडे धरला. पातेल्यातला चहा माझ्या डोक्यातच उकळतोय असं वाटलं. आल्याचे तुकडे पातेल्याच्या कडेला आपटत होते, तेसुद्धा ऐकू येत होतं. "हा आवाज तू केलायस," ते म्हणाले आणि हेडफोन घेऊन निघून गेले.

नंतर प्रोजेक्टर लावायला त्यांनीच शिकवलं. कुठली वायर कुठे, स्पीकर भिंतीपासून किती लांब, हॉलमध्ये घुमायला लागलं तर कुठलं बटण किती खाली. वर्षभराने त्यांनीच सरांना सांगितलं, "शाळांमधले शो हिला द्या. ही वायरी तीनदा तपासते." मी तीनदा तपासते ती भीतीने, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांनी ते माझा गुण म्हणून सांगितलं. सातवीत शाळा सोडलेली मी त्यांच्यामुळे दादर, माहीम, लालबाग, कॉटन ग्रीन अशा कितीतरी ठिकाणच्या शाळांत शिरले, तेही मोठ्या दारातून. मुख्याध्यापक मला "या मॅडम" म्हणायचे. सुरुवातीला मी मागे वळून बघायचे, कोण मॅडम आल्या म्हणून.

ह्या माणसाशी मी खोटं बोलले. ते का बोलले आणि त्याचं काय झालं, ते लिहिते आहे.

*

आमचं ऑफिस नदीवर, पक्ष्यांवर, कचऱ्यावर अशा फिल्म करायचं. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी, तास संपायच्या आत संपणाऱ्या. त्या वर्षी समुद्र होता. समुद्रातले जीव आणि ते का वाचवायचे. एका संस्थेने ती करवून घेतली होती, आणि फिल्ममध्ये उभं राहून मुलांशी बोलणार होते आमचे सर. सर म्हणजे दिग्दर्शक आणि मालकही. शिवाजी पार्कला राहायचे, रोज सकाळी मैदानाला पाच फेऱ्या मारायचे आणि ते सगळ्यांना सांगायचे. मराठी इतकं स्वच्छ की ऐकताना मला उगाच पदर सारखा करावासा वाटायचा.

एक दिवस मी चहा घेऊन गेले तर मीटिंग चालली होती. लिखाण इंग्रजीतून मराठीत आलं होतं आणि त्यात जिथे तिथे शार्क होतं. सर म्हणाले, "लोकल टच नाही येत. अगं, तू कोकणातली ना? तुमच्याकडे शार्कला काय म्हणतात?"

मला आनंदच झाला. मीटिंगमध्ये पहिल्यांदाच मला कोणी काही विचारलं होतं. मी म्हणाले, "मोरी."

सगळे हसत सुटले.

"मोरी?" सर म्हणाले. "अगं, मोरी म्हणजे जिथे भांडी घासतात ती! आपल्या फिल्ममध्ये काय शार्क भांडी घासत बसणार का?"

पुन्हा हशा. मी सांगायचा प्रयत्न केला की मुंबईचे कोळी मुशी म्हणतात, आमच्या मालवणी बाजूला मोरी म्हणतात, मोरीचं मटण करतात. पण कोण ऐकतंय. लालबागला मी आतेच्या चाळीतल्या खोलीत राहते. त्या खोलीत मोरीला लागूनच माझं अंथरूण असतं. हे मी कधीतरी कोणाला तरी बोलले होते, ते कोणीतरी तिथे काढलं. "म्हणजे ही रोज शार्कशेजारी झोपते!" मग तर विचारूच नका.

त्या दिवसापासून सरांनी मला मोरी म्हणायला सुरुवात केली. "मोरी, चहा." "मोरी, ते कुरियर आलं का?" पाहुण्यांसमोरसुद्धा. आणि पाहुण्यांनी विचारलं की सगळी गोष्ट पहिल्यापासून, रंगवून. मी हसायचे. नोकरी आहे, आतेच्या घरी डोक्यावर छप्पर आहे, गावी बाबांना वाटतं पोर बरी आहे. हसायला काय जातं? पण जायचं. पँट्रीत येऊन मी भांडी इतक्या जोरात घासायचे की काका आतून ओरडायचे, "अगं, टेक चाललाय!"

काकांनी मला एकदाही मोरी म्हटलं नाही. फक्त एकदा, कोणी नसताना, विचारलं, "खरंच मोरी म्हणतात ना तुमच्याकडे?" मी हो म्हटलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

*

आता बाबांची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच आहे.

आमच्याकडे रापण असते. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल मारून येते आणि मग गावातली माणसं किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर ओढतात. जाळं येतं तेव्हा वाळूवर मासळीचा ढीग पडतो, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा. मी नऊ वर्षांची असेन. त्या सकाळी जाळ्यात एक मोठी मोरी आली. पोट टम्म. वाळूवर आली आणि तिला पिल्लं व्हायला लागली. एकेक करून, जिवंत, वितीएवढी, शेपट्या मारणारी. मोरी अंडी घालत नाही, तिला पोरं होतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

बाबांनी घमेलं रिकामं केलं, त्यात खारं पाणी भरलं आणि ती पिल्लं एकेक करून आत टाकली. माणसं हसत होती. लहान मोरीला बाजारात मागणी असते. बाबा म्हणाले, "हसतास कित्या? पोरां असत ती." आणि घमेलं माझ्या हातात दिलं. "जा गो, सोडून ये. तुका बघून भियाची नाय." मी कंबरभर पाण्यात गेले आणि घमेलं तिरकं केलं. ती माझ्या पायांमधून गेली. पोटऱ्यांना त्यांचं अंग लागलं, खरखरीत, काथ्यासारखं. अजून लागतं.

पिल्लांच्या आईला मात्र विकलं. तिच्यातला आमचा वाटा घरी आला आणि शिजलासुद्धा. बाबा काही साधू नव्हते. पण त्यानंतर पोटुशी मोरी आली की आमच्या रापणीतली माणसं आधी पाण्याचं घमेलं भरायला लागली. कोणी सभा घेतली नाही, फलक लावला नाही. आपोआप झालं.

ही गोष्ट मी एकदा काकांना सांगितली. काका सरांना म्हणाले, "अहो, तुमची सगळी फिल्म या गोष्टीत आहे. हिच्याच आवाजात घ्या." सरांनी मला बोलावलं आणि पूर्ण ऐकून घेतली. मध्ये एकदाही हसले नाहीत. शेवटी म्हणाले, "वंडरफुल. हे तुझ्याच आवाजात घेऊ."

मी त्याच संध्याकाळी बाबांना फोन केला. बाबांचं आता वय झालं आहे, रापणीला जात नाहीत, ओटीवर बसून असतात. म्हणाले, "माझा नाव घेतलंस काय? नाव नको घेव. मोरयेच्या पोटात पोरां होती, ता मात्र नीट सांग." मग दर दोन दिवसांनी विचारायचे. "काय गो, तुझो आवाज कधी येतलो?" गावात सगळ्यांना सांगून बसले होते की पोरगी शाळेतल्या पोरांना आपली गोष्ट सांगणार आहे. ज्या पोरीला सातवीनंतर आठवीच्या शाळेत पाठवता आलं नाही, ती. हे ते बोलले नाहीत, पण मला समजत होतं.

*

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी आतेची चांगली साडी नेसून गेले. आवाज घेताना पंखे बंद करतात, पँट्रीतला फ्रिजसुद्धा बंद करतात. तो फ्रिज मीच बंद केला. काकांनी मला आतल्या खोलीत बसवलं, माइकची उंची केली, हेडफोन दिले. माझाच श्वास मला ऐकू येत होता. मी मनात पहिलं वाक्य म्हणत होते.

सर आले. काचेपलीकडून मला बघितलं आणि काकांना म्हणाले, "अरे हां, हे सांगायचं राहिलं. हा पीस मीच करतोय."

काका म्हणाले, "पण गोष्ट हिची आहे."

"गोष्टी कोणाच्या नसतात हो. प्रेझेंटरचा पर्सनल कनेक्ट लागतो. मी म्हणतो, लहानपणी मी आजोबांबरोबर किनाऱ्यावर... असं. आणि हिचे उच्चार, अहो, शाळेतल्या मुलांसाठी आहे ही फिल्म. सातवी शिकलेल्या बाईकडून मुलांनी भाषा शिकायची?"

त्यांना वाटलं काच बंद आहे म्हणजे मला ऐकू येत नाही. हेडफोन माझ्या कानांवर होते आणि त्यांच्या बाजूचा माइक चालू होता. काकांनी तो मुद्दाम चालू ठेवला होता की विसरले होते, मी कधी विचारलं नाही.

मी उठले. सर आत आले, माझ्या खुर्चीवर बसले. "थँक्स हं मोरी. खुर्ची गरम केलीस." आणि हसले.

मी दाराशी उभी राहिले. माझ्या बाबांचं घमेलं त्यांच्या आजोबांच्या हातात गेलं. आमचा किनारा त्यांच्या सुट्टीतला किनारा झाला. आजोबांचं समजू शकते मी, फिल्ममध्ये असं चालत असेल. पण कागद वाचता वाचता ते थांबले. "मोरीच्या पोटात पोरं? पोरं काय? हे हिचं काहीतरी. माशाच्या पोटात असते ती..." त्यांनी बोटं वाजवली. "दादरला त्या मालवणी हॉटेलात मिळते बघ. गाभोळी! गाभोळी म्हणतात ना? करेक्ट शब्द तो आहे."

गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांचा गोळा. तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तळतात. कोणी ती पाण्यात सोडत नाही. आणि मोरीच्या पोटातून जिवंत पिल्लं पडतात ते ज्याने एकदा पाहिलंय, तो तिथे गाभोळी म्हणणार नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "गाभोळीच ना गं?"

मला त्या वेळी जे वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. आनंद झाला. असा आनंद मला मुंबईत आल्यापासून झाला नव्हता. म्हटलं, मागतोय तर घे.

"हो सर," मी म्हणाले. "गाभोळीच."

काकांनी मान वर केली. बाहेर मला बाजूला घेतलं. "मुली, तू मला पिल्लं सांगितली होतीस. घमेल्यात शेपट्या मारत होती म्हणालीस. हे गाभोळी बरोबर आहे ना? मला माशातलं काही कळत नाही. तू म्हणशील ते."

तू म्हणशील ते. एवढा विश्वास माझ्यावर त्याआधी कोणी टाकला नव्हता. मी खरं सांगितलं असतं तर सरांना ते सांगायला काका अर्ध्या मिनिटात आत गेले असते. आणि सर मला 'करेक्ट शब्द' विचारून, माझ्याच गोष्टीत तो घालून, माझ्याच नाकावर टिच्चून बोलले असते.

"बरोबर आहे काका," मी म्हणाले. "लहान असते ना, तेव्हा तसंच म्हणतात."

काका आत गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला, "विचारून घेतलं मी. बरोबर आहे."

सरांनी छान म्हटलं. काय म्हणतात ते, भावपूर्ण. "आजोबांनी ती इवली गाभोळी ओंजळीत घेतली आणि लाटेला परत दिली." मागे सतार लावली.

*

पहिला शो कुठे करायचा, हे माझ्याकडे होतं. शाळांना फोन करणं हे माझंच काम. सरांना हवी होती त्यांच्या घराजवळची शाळा. मी फोन केला, त्यांचा हॉल नऊ दिवसांनी रिकामा होणार होता. नऊ दिवस थांबता आलं असतं. मी यादीत खाली गेले आणि माहीमच्या एका शाळेवर बोट ठेवलं. तिथे अर्धी मुलं खाडीकडच्या कोळीवाड्यातली, मी आधी कचऱ्याच्या फिल्मचा शो तिथे केला होता. मुलं डब्यात बोंबील आणतात आणि झाकण उघडलं की बाई नाकाला रुमाल लावतात, अशी शाळा.

"माहीम रिकामी आहे सर," मी म्हटलं. "आणि समुद्राजवळची मुलं, तुमची फिल्म समुद्राची. लोकल टच येईल."

सर खूश झाले. "मोरी, तुझं डोकं चालायला लागलं."

शोच्या दिवशी मी वायरी तीनदा नाही, पाच वेळा तपासल्या. संस्थेच्या दोन बाई आणि एक साहेब पहिल्या रांगेत. काका मागे स्पीकरपाशी. हॉलच्या खिडक्यांवर सतरंज्या बांधल्या होत्या, तरी उजेड यायचाच. मी बटण दाबलं. कासवं आली, प्रवाळ आले, प्लास्टिक गिळणारे पक्षी आले, मुलं गप्प. जेलीफिशला "ओ" करून ओरडली. फिल्म चांगली होती, हेही खरं आहे. मग सर पडद्यावर किनाऱ्यावर चालत आले.

"लहानपणी मी माझ्या आजोबांबरोबर..."

मी थांबवायच्या बटणावर बोट ठेवलं.

"...ती इवली गाभोळी ओंजळीत घेतली..."

आधी एकच आवाज आला, मागच्या रांगेतून. "ए, गाभोली?"

मग दुसरा. "मुशीची गाभोली? मुशीला पिलं होतात रे!"

"पाण्यात टाकली? येडा झालाय काय, तळायची ना!"

"माझ्या आईला दिली असती तर..." आणि हॉल फुटला. कोळीवाड्यातली मुलं हसली म्हणून बाकीची हसली, बाकीची हसली म्हणून बाई हसल्या, आणि पहिल्या रांगेतल्या साहेबांनासुद्धा आवरेना. पडद्यावर सतार चालूच. सर खऱ्या खुर्चीवर बसून इकडे तिकडे बघत होते, त्यांना कळतच नव्हतं लोक कशाला हसतायत. तो चेहरा. ज्या चेहऱ्याने मी मीटिंगमध्ये उभी होते तोच. मी बटण दाबलं आणि चित्र थांबवलं, बरोबर ओंजळीवर. ते मी मुद्दाम केलं. कोणाला वाटलं असेल गडबड झाली म्हणून थांबवलं.

नंतर प्रश्नोत्तरं. एका मुलीने हात वर केला. "सर, मुशीला पिल्लं होतात. माझ्या आजीने दाखवलीत. तुमच्या आजोबांना माहीत नव्हतं का?"

सर म्हणाले, "नेक्स्ट क्वेश्चन."

मागून एकजण ओरडला, "सर, आजोबा व्हेज होते का?"

मला आजही त्या हशाचा पश्चात्ताप नाही. एवढं लिहून ठेवते. कधी कधी लालबागला अंथरुणावर पडल्यावर, मोरीचा नळ ठिबकत असतो तेव्हा मी तो हशा मनात पुन्हा लावते, आणि मला गाढ झोप लागते.

पण तो तिथेच संपला नाही.

मुलं वर्गात गेल्यावर संस्थेच्या एका बाईंनी विचारलं, "हे स्क्रिप्ट तपासलं कोणी?" आवाज शांत होता, त्यामुळेच सर घाबरले असावेत. त्यांनी मागे वळून बोट दाखवलं. "साउंडने. हे म्हणाले होते विचारून घेतलंय. मी विश्वास ठेवला."

काका वायर गुंडाळत होते. कोपर आणि तळव्याच्या मधे, नेहमीसारखे एकसारखे वेढे. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी बोलले असते तर ती वेळ होती. 'बाई, मी खोटं सांगितलं,' एवढी चार शब्दांची गोष्ट. माझ्या डोळ्यांसमोर आते आली, तिची खोली आली, गावची ओटी आली. तोंड उघडलं नाही.

काका म्हणाले, "हो. मी म्हणालो होतो." आणि उरलेली वायर गुंडाळली.

पुढच्या फिल्मला त्यांना बोलावलं नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. हेडफोन लावून दुसराच कोणीतरी येऊ लागला, जो माइक तपासताना "हॅलो हॅलो" म्हणतो. काका तसं कधी म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "पाणी प्यायलात का?"

सरांनी एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं. त्या मीटिंगनंतर पहिल्यांदाच मोरी न म्हणता, नुसतं "अगं" म्हणून. "तो पीस परत करायचा आहे. मग खरं काय असतं ते? पिल्लं किती? कशात ठेवली होती? परत एकदा सगळं सांग."

मी म्हणाले, "मला काय कळतं सर. सातवी शिकलेय."

त्यांनी तो भाग कापला. आता ती फिल्म शाळांमध्ये दाखवते मीच, आणि कासवांनंतर एकदम प्लास्टिक येतं. मधे काहीच नाही. बाबांची मोरी माझ्याच हट्टापायी बुडाली. फोनवर बाबा विचारत राहिले आणि मी म्हणत राहिले, अजून काम चालू आहे.

*

गिरगावात जायला मला दोन महिने लागले. गावाहून आलेली सोलं पिशवीत घेतली. माशाचं काही नेता येत नव्हतं. वाडीतला लाकडी जिना चढताना दोनदा परत फिरले. काकांनी दार उघडलं, पिशवीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "कोकम! चला, आता सोलकढी. आत ये."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं. 'हो सर' पासून यादीतल्या माहीमपर्यंत. मला वाटलं होतं ते म्हणतील, मला माहीत होतं गं. तसं ते म्हणाले नाहीत. त्यांना माहीत नव्हतं. ते खुर्चीवर बसले आणि गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.

"त्याला पाडायचं होतं, पाड की," ते शेवटी म्हणाले. "मीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण मला का वापरलंस?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"माशातलं मला कळत नाही. पण जन्मभर माणसांचे आवाज ऐकले. तू 'बरोबर आहे काका' म्हणालीस त्यात खोट आहे हे मला ऐकू यायला हवं होतं. ते नाही आलं." काम गेलं त्याचं त्यांना एवढं लागलं नव्हतं. हे लागलं होतं. मी सरांवर दगड मारला आणि तो ह्यांच्या कानाला लागला.

मी रडले असं लिहायला हवं, पण मी नुसती उभी होते. ते उठले, कपाट उघडलं, त्यांचा स्वतःचा लहान रेकॉर्डर काढला. खिशातले सेल घातले. पंखा बंद केला, खिडकी लावली, फ्रिजचं बटण बंद केलं.

"बस. आणि मोरीच म्हण. मुशी नको, शार्क नको."

मी बसले. त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. "थांब, थांब. मोरीचा नळ ठिबकतोय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आधी ते हसले. आत जाऊन नळ घट्ट बंद करेपर्यंत हसत होते. त्यांना खाली तोंड घालून हसायची सवय, खांदे हलतात नुसते. परत आले, चेहरा सरळ केला आणि म्हणाले, "पाणी प्यायलीस का?"

मी गोष्ट सांगितली. एका दमात, माझ्या उच्चारात. बाबा मालवणीत जे बोलले ते मालवणीत. घमेलं, त्यातली सात पिल्लं, शेपट्या, पोटऱ्यांना लागलेलं ते खरखरीत अंग, आणि त्यांची आई विकली तेही. काकांनी मधे एकदाही थांबवलं नाही. त्यातला एक श्वाससुद्धा त्यांनी कापला नाही, आणि ते माझ्या फोनवर घालून दिलं.

बाबांनी ऐकलं. शेजारच्या पोराने लावून दिलं, ओटीवर माणसं जमली होती म्हणे. मग फोन आला.

"बरा सांगितलंस," बाबा म्हणाले. "पण सात नाय गो, आठ होती. एक घमेल्यातच मेला. ता तू इसारलंस."

आता शाळांमधला शो संपला, आणि बाई म्हणाल्या अजून दहा मिनिटं आहेत, की मी फोन स्पीकरला लावते. कुठे कुठेच. सर बरोबर नसले तरच. पडद्यावर काहीच नसतं, मुलं अंधारात नुसती ऐकतात. शेवटी मी तोंडाने सांगते, आठ होती, एक मेलं. मला अजून ही नोकरी लागते, आतेची खोली लागते, सरांच्या टेबलावर चहा अजून मीच ठेवते. सरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. ओंजळीवर थांबलेलं त्यांचं ते चित्र मी अजून डोळ्यांत जपून ठेवलं आहे.

काकांना मात्र एक गोष्ट मिळालेली नाही. फिल्मसाठी त्यांनी रापणीचा खरा आवाज मागितला होता. दोर वाळूत घासतो तो, माणसं एका सुरात ओढतात तो, जाळं पाण्याबाहेर येताना मासळी एकदम फडफडते तो. सरांनी कुठून तरी लाटांचा तयार आवाज आणून लावला होता. काका, एक दिवस मी तुम्हाला आमच्या किनाऱ्यावर नेईन, पहाटेच्या रापणीला, हेडफोन तुमच्या कानांवर आणि माइक माझ्या हातात. पण त्याच्याआधी, ज्या हॉलमध्ये तुम्ही "हो, मी म्हणालो होतो" म्हणालात तशाच एखाद्या हॉलमध्ये, संस्थेच्या त्या बाईंसमोर आणि सरांसमोर उभी राहून मी सांगेन की तो शब्द माझा होता. तेव्हा माझा आवाज नीट ऐका. त्यात खोट नसेल.